तुम्ही विचारलंत म्हणून: घानात डोळ्यांचे कोणते आजार दिसतात?

मी घानात नेत्रतज्ज्ञ म्हणून काम केलंय हे कळलं की लोक हटकून विचारतात, "तिकडचे डोळ्यांचे आजार वेगळेच असतील ना?" बहुतेकांच्या मनात खुपऱ्या असतात, नाहीतर नदीकाठच्या काळ्या माश्यांमुळे येणारं अंधत्व. खुपऱ्यांचा प्रश्न घानानं सोडवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच मान्य केलं. दुसरा आजार आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांनी बराच आटोक्यात आलाय.

ओपीडीत खरी गर्दी असते ती डोळे खाजणाऱ्या पोरांची. सहाराकडून हरमॅटनचा कोरडा, धुळीचा वारा सुटला की विचारूच नका. आई पोराचा हात घट्ट धरून बसलेली असते, कारण सोडला की ते मुठीनं डोळा चोळतं. बुबुळाच्या कडेनं फुगीर कडं, त्यावर खडूच्या कणांसारखे पांढरे ठिपके. वयात येताना हा ॲलर्जीचा आजार बहुधा आपसूक ओसरतो. मला धास्ती वाटते ती आईच्या पिशवीतल्या बाटलीची. चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब! खाज लगेच थांबते, म्हणून महिनोन्महिने घातले जातात आणि डोळ्याच्या आत दाब वाढत राहतो. त्यातून पोराला काचबिंदू होऊ शकतो, म्हणजे डोळ्याची नस मरत जाते.

काचबिंदू तिथे मोठ्यांनाही फार, आणि लवकर होतो. टेमा शहरातल्या पाहणीत चाळिशी गाठलेल्या दर १०० जणांत साधारण ७ जणांना तो निघाला. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, नजर कडेकडेनं जाते. माणूस येतो तेव्हा अनेकदा एक डोळा गेलेला असतो. ऑपरेशननं फक्त उरलेली नजर टिकेल, हे त्याच्या गळी उतरवणं महाकठीण. शेजारच्या खाटेवरचा मोतीबिंदूचा रुग्ण पट्टी काढताच नातवाला ओळखताना त्यानं पाहिलेला असतो.

पण नुसत्या रुग्णालयाच्या रजिस्टरवरून देशाचे आजार ठरवू नका. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेली म्हातारी त्यात सापडत नाही. तिला आणायचं तर कमावत्या माणसाचा दिवसाचा रोजगार बुडतो, वर दोघांचं बसभाडं. पोराला मात्र आई पाठीला बांधून आणते. अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदू सगळ्यांत वर, आणि तरी रांगेत खाजच जास्त दिसते, ती यामुळे.

तिकडे शिबिराला जाणार असाल तर डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र न्याच. काचबिंदूचा रुग्ण सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांनाही बोलावून घ्या; रक्ताच्या नात्यात हा आजार हमखास शोधावा.