ढोलकीचे तुकडे पाडताना

गणेशोत्सव संपल्यावर आमच्या सोसायटीतील ढोलकी वाजवणाऱ्या काकांना मी घरी बोलावले आणि खोलीत एकच मायक्रोफोन ठेवून त्यांच्याकडून केरवा या आठ मात्रांच्या तालाची चार आवर्तने ध्वनिमुद्रित करून घेतली. या वादनाचे एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे पाडायचे, ते बोटाने दाबून वाजवायच्या पॅडवर बसवायचे आणि त्यांतून नवे ठेके बांधायचे, असा माझा बेत होता. हे काम तासाभराचे आहे असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्यात तीन रविवार गेले.

पहिली चूक माझीच होती. काकांना क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, ऐकत वाजवणे आवडत नाही, म्हणून त्याशिवायच मुद्रण केले आणि वेग अंदाजाने मिनिटाला 96 ठोके, एका ठोक्यात दोन मात्रा, असा भरला. त्या वेगाला आठ मात्रांचे एक आवर्तन अडीच सेकंदांचे होते, म्हणजे चार आवर्तनांना 10 सेकंद लागायला हवेत. काकांनी ती 9.8 सेकंदांत संपवली होती. तुकडे वाजवणाऱ्या लाइव्हमधल्या सिम्पलर या साधनात मी दर अर्ध्या मात्रेला, म्हणजे सुमारे 156 मिलिसेकंदांना काप घेतला होता. पहिल्या आवर्तनात सारे ठीक वाटले, पण शेवटच्या आवर्तनापर्यंत काप अर्ध्या मात्रेहून अधिक मागे पडले आणि पॅड दाबला की आधी जुन्या थापेचे शेपूट व मग नवी थाप ऐकू येऊ लागली. शेवटी प्रत्येक समेवर वॉर्प मार्कर, म्हणजे ध्वनीतली जागा सॉफ्टवेअरच्या मात्रेला बांधणारी खूण, ठेवून मी सॉफ्टवेअरची पट्टी काकांच्या चालीला जुळवून घेतली.

दुसऱ्या रविवारी ठोक्याची सुरुवात ओळखून काप घेण्याचा पर्याय वापरला. लूप कापण्याची ही रीत स्वीडनच्या प्रॉपेलरहेड कंपनीच्या 1994 मधील रीसायकल या सॉफ्टवेअरपासून रुळली, आणि ड्रम सेटच्या कोरड्या, सुट्या ठोक्यांना ती फार सोयीची पडते. ढोलकीचे तसे नाही. उजव्या पुडीवरची चाट टोकदार असल्यामुळे लगेच ओळखली जाते, पण डाव्या पुडीवर तळवा दाबत घासून काढलेला घिस्सा हळूहळू चढतो, त्याला ठळक सुरुवातच नसते. संवेदनशीलता वाढवली तेव्हा बोटांच्या पुसट स्पर्शांसकट 41 तुकडे पडले. कमी केली तेव्हा 19 उरले आणि सगळे घिस्से शेजारच्या चाटेत विरून गेले. मग कानाने ऐकत, नको त्या रेषा पुसत आणि हव्या तेथे हाताने नव्या घालत मी 27 तुकड्यांवर थांबलो. घिस्सा कोठेही न तोडता अखंड ठेवायचा, हा त्यातला सर्वांत उपयोगी निर्णय ठरला.

ध्वनीची लहर शून्याची रेषा ओलांडते त्या जागी न पडलेला काप ‘टक्’ असा आवाज करतो. तो घालवण्यासाठी सगळ्याच तुकड्यांच्या आरंभी आवाज शून्यापासून चढवणारी दोन मिलिसेकंदांची चढण दिली, तर चाटेची धारच बोथट झाली. म्हणून चाटेचे काप शून्यावर नेले आणि चढण फक्त डाव्या पुडीच्या घुमाऱ्याच्या तुकड्यांना ठेवली.

सी 1 पासून डी 3 पर्यंतच्या स्वरांवर 27 तुकडे बसवून बांधलेला पहिला ठेका काकांना ऐकवला, तेव्हा ते म्हणाले, “अरे, माझा डावा हात कुठे गेला?” मी एका वेळी एकच तुकडा वाजू देणारा मोनो पर्याय ठेवला होता, त्यामुळे प्रत्येक नवी चाट आधीच्या डाव्या हाताच्या ‘धूम’चा घुमारा छाटून टाकत होती. अनेक तुकडे एकत्र वाजू देणारा पॉली पर्याय निवडल्यावर थोडा फरक पडला, पण मूळ अडचण मुद्रणातच होती: एकाच मायक्रोफोनवर दोन्ही पुड्या एकत्र आल्यामुळे डाव्या हाताच्या तुकड्यात पुढची चाट येण्याआधीच काप घ्यावा लागत होता आणि घुमारा तेथेच संपत होता.

तिसऱ्या रविवारी काकांनी प्रत्येक बोल सुटा, नाद पूर्ण विरेपर्यंत थांबून, चार-चार वेळा वाजवून दिला. आता घुमारा या सुट्या बोलांतून येतो. चाटा आणि घिस्से मात्र मी जुन्या 27 तुकड्यांतूनच घेतो, कारण रंगात आलेल्या वादनातली त्यांची तडफ सुट्या बोलांत उतरलेली नाही.