आत्याचे सत्त्याण्णव

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली तेव्हा माझी आत्या ७८ वर्षांची होती आणि पुण्यात, सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीच राहत होती. पासष्टीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये, अशी सरकारी सूचना होती, आणि आम्ही भाचरे मंडळी ठाणे, नाशिक, न्यू जर्सी अशी विखुरलेली असल्याने ती सूचना फोनवरून तिला पाळायला लावणे एवढेच आमच्या हाती होते. ते आम्ही जरा जास्तच नेटाने केले.

या आजारात धाप न लागताही रक्तातला ऑक्सिजन उतरू शकतो, असे वाचून जूनमध्ये आम्ही तिला ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे यंत्र, पाठवला. तेव्हापासून फोनवर एकच प्रश्न उरला. "आत्या, किती?" "सत्त्याण्णव." "छान, काळजी घे." दोन मिनिटांत बोलणे संपे.

जुलैतल्या एका संध्याकाळी ती "ब्याण्णव" म्हणाली. तासाभरात आम्हा सगळ्यांचे फोन झाले, डॉक्टर व्हिडिओवर आले आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी मास्क लावून उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसल्या. डॉक्टरांनी हात चोळून पुन्हा मोजायला सांगितले, तर ९७. वहिनी मात्र त्यानंतरही दीड तास बोलत बसल्या होत्या. पुढच्या महिन्यात आत्याचा आकडा आणखी दोनदा उतरला. बोटे गार असली की यंत्र खरोखरच कमी दाखवते आणि दिवस पावसाळ्याचे होते, म्हणून मी तिला कधी काही विचारले नाही.

एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला लागणाऱ्या ई-पासची अट २ सप्टेंबरला उठली आणि त्याच आठवड्यात मी पुण्याला गेलो. ऑक्सिजन उत्तम होता. पण ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या, आवाज घोगरा झाला होता आणि स्वयंपाकघरापर्यंत जातानाही तिचा हात भिंतीवरून सुटत नव्हता. एकटीसाठी काय करायचे, म्हणून एकदा लावलेला वरणभाताचा कुकर दोन दिवस पुरवला जात होता. रोज सकाळी तळ्यातल्या गणपतीपर्यंत चालत जाणारी ही बाई पाच महिन्यांत जिना उतरली नव्हती. म्हातारपणी बसून राहिले की स्नायू किती झपाट्याने झिजतात, हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते. आम्ही तिचे बोट तेवढे मोजत होतो.

त्यानंतर वहिनींनी तिच्याबरोबर जिन्याच्या चौकात अंतर ठेवून सकाळचा चहा सुरू केला, दुपारच्या डब्याचे ठरले, आणि कठडा धरून रोज आधी चार, मग आठ अशा पायऱ्या उतरणे-चढणे सुरू झाले. फोनवर मी आज काय खाल्ले आणि कोण भेटले, हे विचारू लागलो. उत्तरे लांबत गेली.

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांचे लसीकरण सुरू झाले. पहिल्या डोसला मी तिला घेऊन गेलो, तेव्हा दोन्ही मजले ती स्वतःच्या पायांनी उतरली. लस घेतल्यावर निरीक्षणासाठी अर्धा तास थांबण्याचा नियम होता. शेजारच्या खुर्चीवर नारायण पेठेतल्या एक बाई होत्या, आणि आत्या सव्वा तास उठली नाही.