तुम्ही विचारलंत म्हणून : दूतावासाचं छोटं अनुदान

लोककलेच्या नाहीतर नाटकाच्या छोट्या संस्था चालवणारी माणसं भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो : "दूतावास सांस्कृतिक देवाणघेवाणीला छोटी अनुदानं देतात ना? आम्हाला अर्ज लिहून द्याल का?" अशा संस्थांचे प्रस्ताव तयार करायला मी मदत करते, म्हणून मला विचारतात. माझं उत्तर लांबतं, कारण अर्ज लिहिणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

आधी मी विचारते, एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी, आहे का? दूतावास म्हणजे परदेशी सरकार. त्याने दिलेलं अनुदान रुपयांत आलं तरी कायद्याच्या दृष्टीने ते परकीय योगदानच. २०१०च्या या कायद्याखाली नोंदणी हवी असेल तर संस्था निदान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या काळात मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले दाखवावे लागतात. गावपातळीवरच्या कलापथकाला हे कुठून जमणार? अशांना एकाच देणगीपुरती पूर्वपरवानगी मागता येते, पण त्यासाठी देणगीदाराचं लेखी आश्वासन आधी हातात लागतं. पैसेही आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात.

"मोठ्या संस्थेच्या खात्यात घेऊ, ती आम्हाला देईल" असं अजूनही सुचवलं जातं. २०२०च्या दुरुस्तीने ही वाट बंद केली आहे. कृपा करून तिकडे वळू नका, दोन्ही संस्था अडचणीत येतील. नोंदणी असलेल्या संस्थेनेच अर्जदार व्हावं, कार्यक्रम तिचा असावा, मानधन, गाडीभाडं, ध्वनिव्यवस्था तिने थेट चुकती करावी आणि कलेची बाजू तुम्ही सांभाळावी, हे मात्र रीतसर आहे. याहून सोपा उपाय बरेच जण विचारतच नाहीत : त्यांच्या देशातून येणाऱ्या कलावंताचं तिकीट आणि मुक्काम दूतावासच परस्पर करील का?

कागदांचं थोडक्यात सांगते. विश्वस्त बदलल्याची नोंद करणारे धर्मादाय कार्यालयातले 'बदल अर्ज' निकाली काढून घ्या. संस्थेचं इंग्रजी स्पेलिंग पॅन कार्डावर, बँकेत आणि ठरावावर एकच असू द्या. अमेरिकी अनुदानासाठी त्यांच्या सॅम या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते. ती फुकट असते आणि दर वर्षी नव्याने करावी लागते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता मला खरं जे बोलायचं आहे ते. "आमची कला शेकडो वर्षांची आहे, ती लोप पावते आहे" अशी सुरुवात असलेले अर्ज माझ्याकडे सतत येतात. ते खरं असतं आणि वाचून पोटात तुटतं. पण या अनुदानाचा हेतू दोन देशांतल्या माणसांनी एकमेकांकडून काही शिकावं हा असतो, आणि अर्जात तो दुसरा माणूसच नसतो. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी मांडतात, एकेक चित्र समोर धरून गात गात रामायण-महाभारतातली आख्यानं सांगतात. जपानमध्ये कामिशिबाई आहे : सायकलवर लाकडी चौकट घेऊन गल्लीत येणारा कथेकरी मुलांना खाऊ विकायचा आणि चित्रं सरकवत गोष्ट सांगायचा. टीव्ही आल्यावर तो रस्त्यावरून हटला, पण शाळा-वाचनालयांत ती कला टिकली. ती कशी टिकली हे पिंगुळीच्या तरुणाने तिथल्या कथेकऱ्याच्या शेजारी बसून पाहावं आणि त्या कथेकऱ्याने पोथीपुढे बसून गाणं ऐकावं, असा अर्ज मला वाचायला आवडेल. त्यात दोघांनाही एकमेकांची गरज आहे. मात्र असा अर्ज बहुधा दूतावासात जाणार नाही. जपानचं हे काम जपान फाउंडेशन पाहतं, जर्मनीचं मॅक्समुल्लर भवन, स्वित्झर्लंडचं प्रो हेल्वेशिया. दार कुठलं ते आधी शोधा.

अंदाजपत्रकाबद्दल मी हट्टी आहे. पहिली ओळ कलावंतांच्या मानधनाची असली पाहिजे. सभागृह, फलक, पाहुण्यांचं जेवण, छायाचित्रण सगळं लिहून झाल्यावर उरलेल्यात "स्थानिक कलाकार" बसवलेले दिसले की मी कागद परत करते. परदेशी कलावंताला दिवसाचं मानधन आणि आपल्या म्हाताऱ्या कथेकऱ्याला शाल-श्रीफळ, याला देवाणघेवाण म्हणता येणार नाही. तालमीचे दिवस धरा, बुडालेली मजुरी धरा. संस्थेचा कार्यालयीन खर्च कायद्याने परकीय निधीच्या २० टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो, त्यामुळे कलावंतासाठी जागा असतेच, ती काढायची इच्छा हवी.

आणि वेळ. अमेरिकी सरकारचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, मंजुऱ्या त्याआधी उरकतात. आपलं मार्चला संपतं. परकीय निधीचं वार्षिक विवरण डिसेंबरअखेर भरायचं असतं. कोकणातल्या जत्रा तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. त्या हंगामात पाहुणा कलावंत हवा असेल तर चौकशीचं पत्र आदल्या वर्षीच्या जत्रा चालू असतानाच गेलेलं बरं.