त्लाख्तगाच्या टेकडीवर

आयर्लंडमध्ये येणारे प्रवासी प्राचीन आयरिश राजांचे पीठ मानल्या जाणाऱ्या ताराच्या टेकडीवर आवर्जून जातात. तिच्या पश्चिमेला, मीथ काउंटीतील अथबॉय गावाजवळ असलेल्या ‘हिल ऑफ वॉर्ड’कडे मात्र फारसे कोणी वळत नाही. उंची जेमतेम 120 मीटर, भोवती गुरांची कुरणे. चढ संपतो तेव्हा प्रथमदर्शनी गवताळ उंचवट्यांखेरीज काहीच दिसत नाही, पण थोडे फिरल्यावर पायांखालची जमीन एकात एक अशा चार वर्तुळाकार बांधांची आणि खंदकांची आहे हे ध्यानात येते. या जागेचे जुने नाव त्लाख्तगा, आणि ते एका स्त्रीचे आहे.

स्थळनामांच्या उत्पत्तीकथांच्या मध्ययुगीन आयरिश संग्रहात तिची कथा येते. दक्षिण आयर्लंडच्या मुन्स्टर प्रांतातील आंधळा द्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, मुग रुइथ याची ती कन्या. वडिलांबरोबर ती सायमन मेगस या मांत्रिकाकडे विद्या शिकण्यासाठी गेली आणि तिथे ‘रोथ रामाख’ हे मायावी चक्र घडवण्यात तिचा हात होता. सायमनच्या तीन मुलांनी तिच्यावर बलात्कार केला. ती आयर्लंडला परतली, याच टेकडीवर डोर्ब, कुम्मा आणि मुआख या तिळ्यांना जन्म देऊन मरण पावली, आणि तिच्या थडग्यावर हा कोट उभा राहिला. मुलांची नावे लोकांच्या स्मरणात असेपर्यंत देशावर परक्यांचे संकट येणार नाही, असेही कथा सांगते.

सायमन मेगस हा बायबलमध्ये सेंट पीटरने धिक्कारलेला जादूगार आहे. कथा लिहून ठेवणारे ख्रिस्ती मठांच्या परंपरेतले होते, हे लक्षात घेतले म्हणजे एका विदुषीची विद्या अशा बदनाम गुरूच्या पदरी का घातली गेली असावी, याचा अंदाज येतो. मला तरी या कथेत तिच्या शिक्षेपेक्षा तिचे कर्तृत्वच अधिक ठळक दिसते.

2014 साली युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या पुरातत्त्वज्ञांनी येथे उत्खनन सुरू केले. एका खंदकाच्या तळाशी त्यांना सात ते दहा महिन्यांच्या बाळाचा सांगाडा सापडला. तिळ्यांच्या कथेशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो आवरलेलाच बरा.

सतराव्या शतकातील इतिहासकार जेफ्री कीटिंग याने लिहिले आहे की, साउइन या प्राचीन केल्टिक सणाच्या रात्री, म्हणजे 31 ऑक्टोबरला, द्रुइड येथे अग्नी पेटवीत आणि आयर्लंडमधील सर्व चुली त्यावरूनच पेटवाव्या लागत. हॅलोविनचे उगमस्थान म्हणून या टेकडीचा जो गाजावाजा होतो, तो या उल्लेखामुळेच. अलीकडे स्थानिक लोक त्या संध्याकाळी अथबॉयहून मशाली घेऊन इथे येतात आणि त्लाख्तगाला अग्निदेवता म्हटले जाते, पण तिच्या मूळ कथेत त्या सामुदायिक अग्नीचा उल्लेख नाही. तिथे आहे ती परदेशी जाऊन विद्या मिळवणारी आणि अत्याचारानंतर मायदेशी परतणारी एक द्रुइडकन्या.