नक्की कधी थांबला?

"आधी बोलायचा म्हणता, मग थांबला कधी?" माझ्या मुलाबद्दल नातेवाईक विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात, एकदा प्रवासात शेजारी बसलेल्या आजींनीही विचारलं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते: तारीख नाही.

मोबाइलमध्ये 18 सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. मुलगा सव्वातीन वर्षांचा. हातातला फुगा सुटतो आणि तो ओरडतो, "आई, गेला बघ!" त्यानंतरच्या चार महिन्यांचे व्हिडिओ मी कितीतरी रात्री ओळीने लावून पाहिलेत. आधी वाक्यं गेली. मग 'बघ' गेलं. 'आई' सगळ्यात शेवटी. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून बाटलीपर्यंत न्यायचा, माझ्याकडे न बघता. शू सांगायचंही विसरला, तेव्हा आम्ही त्याला रागावलो. ते अजून सलतं.

तारीख मिळाली की तिच्या शेजारी कारण चिकटवता येतं, म्हणून ती हवी असते. ताप, धाकटीचा जन्म, लस. लशीमुळे ऑटिझम (स्वमग्नता) होतो असं सुचवणारा तो 1998 चा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला, हे मी आता पाठ असल्यासारखं सांगते. कोणी ऐकतं, कोणी नाही.

व्हिएन्नातल्या थिओडोर हेलर या शिक्षणतज्ज्ञांनी 1908 मध्ये अशा सहा मुलांबद्दल लिहिलं होतं. नीट वाढणारी मुलं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी मागे सरकलेली. पुढे या आजाराला 'चाइल्डहुड डिसइंटिग्रेटिव्ह डिसऑर्डर' म्हणू लागले. 2013 पासून अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात ते वेगळं नाव उरलं नाही, ऑटिझमच्या छत्राखाली गेलं. आमच्या फायलीवर दोन्ही नावं आहेत, दोन डॉक्टरांची दोन अक्षरं.

राग येतो तो एकाच वाक्याचा: "मुलगे उशिराच बोलतात." अहो, उशिरा येणं वेगळं आणि आलेलं जाणं वेगळं! त्या वाक्याच्या भरवशावर आम्ही दोन महिने थांबलो. आलेलं जात असेल तर लगेच दाखवायचं. कान तपासतात, झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढतात, कारण लांडाउ-क्लेफनर नावाच्या आजारात मेंदूतल्या झटक्यांसारख्या लहरींमुळे भाषा जाते आणि त्यावर औषधं देता येतात. मुलींमध्ये रेट सिंड्रोम या जनुकीय आजारासाठी जनुक बघतात. आमच्याकडे यातलं काही निघालं नाही.

आता तो सात वर्षांचा आहे. चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून मागतो. फुग्याच्या कार्डाचे कोपरे पार झिजलेत, या वर्षातलं तिसरं कार्ड आहे ते.