कूलरचा ओघळ आणि 25,000 चं डिपॉझिट

धुळ्यात देवपूरला दोन वर्षं भाड्याने राहिलो. मे महिन्यात घर सोडलं. चावी घेताना मालक म्हणाले, "आठ दिनमा देसू ना भो, मी कोठे पयी जाई ऱ्हायनू का?" पळाले नाहीत, फक्त फोन उचलणं बंद केलं.

दीड महिन्याने दारात जाऊन उभा राहिलो, तेव्हा कुठे हिशेब निघाला. रंगाचे 14,000, शिवाय खिडकीची काच आणि कूलरच्या पाण्याने फुगलेलं प्लास्टर. आता आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय कोण राहतं? काच काढल्याशिवाय तो खिडकीत बसतही नाही. मालकांच्या स्वतःच्या खिडकीखाली तस्साच ओघळ होता. तो दाखवला, आणि तिथेच चुकलो. ते जास्तच भडकले.

काच-प्लास्टर मला मान्य होतं. मिस्तरीला नेलं, त्याने 2,300 सांगितले. रंगाचं मात्र नाही. राहायला आलो त्या दिवशीचे फोटो मोबाइलमध्ये होते, हॉलच्या भिंतीला तेव्हाच पोपडे आलेले. त्यावर मालकांनी ठेवणीतलं काढलं: "करारनामा नोंदवलेलाच नाही. कोर्टात काय दाखवणार?" खरंच, नुसती नोटरी होती. त्या रात्री झोप लागली नाही.

मामा वकील आहेत. ते हसलेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55: करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगतो तेच खरं धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्या कागदाचा मला धाक घातला, तो त्यांच्याच गळ्यात होता.

नोटीस एकाच पानाची. डिपॉझिट ऑनलाइन दिल्याची नोंद, शेवटच्या वीजबिलाची पावती, चावी दिल्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज (त्यावर मालकांनी अंगठा दिलेला, हे नशीबच), आणि मिस्तरीचे वजा करून 22,700 पंधरा दिवसांत द्या. स्पीड पोस्टने पाठवली, पोच जपून ठेवली.

नवव्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन. "काका, घरातली गोष्ट कोर्टात कशाला?" त्याच संध्याकाळी 10,000 आले, दोन आठवड्यांनी 12,000.

परवा पाचकंदीलला मालक भेटले, आग्रहाने चहा पाजला. राहिलेल्या 700 चा विषय दोघांनीही काढला नाही.