बदामाची पानं, पत्रावळ आणि माझी गोधडी

अँडी गोल्ड्सवर्दी म्हणून एक ब्रिटिश कलाकार आहे, १९५६ चा जन्म, स्कॉटलंडमधे पेनपाँट नावाच्या गावात राहतो. पानं, काटे, बर्फ, माती, दगड, लोकर, जे जिथे मिळेल ते घेऊन तिथेच काम करतो. त्यातलं बरंचसं वाऱ्यापाण्यात मोडून जातं आणि त्याने काढलेला फोटो तेवढा उरतो. त्याचं १९८७ चं एक काम मी कितीतरी वेळा बघितलंय, यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कमधलं. रोवन झाडाची पानं गोल मांडलीयेत, रंग एकातून दुसऱ्यात सरकत जातात आणि मधोमध काळंभोर भोक. जवळजवळ पूर्ण होत आलं असताना एक कुत्रं त्या भोकात घुसलं आणि गोल्ड्सवर्दीने सगळं परत पहिल्यापासून मांडलं, हे त्या कामाच्या नावातच लिहिलंय!

तो पानाला पान जोडतो ते काट्याने किंवा गवताच्या काडीने. हे पहिल्यांदा बघितलं आणि मला एकदम आजीच दिसली. ती पळसाच्या पत्रावळी लावायची तेव्हा पानाच्या कडेवर दुसरं पान, चोय म्हणजे बारीक काडी खालून वर, वरून परत खाली आणि उरलेला तुकडा कट्कन मोडायचा. धावदोराच की तो, फक्त प्रत्येक टाका सुटा.

मी गोधड्या शिवते, जुन्या साड्या आणि सुती कापडाच्या. सुरुवातीला मी काय केलं तर पानांचे आकार कापून कापडावर लावले, नीट आले होते, पण त्यात जीव नव्हता. मग जानेवारीत आमच्या सोसायटीतल्या देशी बदामाची पानं गळायला लागली तेव्हा झाडणाऱ्या मावशींना म्हणलं आज ढीग उचलू नका, आणि पार्किंगमधे बसून हिरव्यापासून लालपर्यंत पानं लावत गेले, दोन तास गेले असतील. आणि तेव्हा दिसलं की हिरव्यातून सरळ लाल येतच नाही, मधे पिवळट येतं, मग गंजासारखे डाग, आणि शिरा मात्र पान लाल झालं तरी बराच वेळ हिरवट राहतात. इतकी वर्षं त्याच झाडाखालून जातीये, कधी नीट बघितलंच नव्हतं.

मग ठरवलं की विकत काही आणायचं नाही, रंगवायचं नाही, ट्रंकेत आहे त्यातूनच क्रम लावायचा. हिरवं होतं, लाल तर भरपूर होतं, पण मधला गंजाचा रंग कुठेच मिळेना, शेवटी आईच्या एका विरलेल्या साडीच्या काठाजवळ चार बोटं पट्टी सापडली आणि तिच्यावर सगळा गोल उभा राहिला. लाल कापडावर शिरांसाठी हिरव्या दोऱ्याचा धावदोरा घातला.

मधलं भोक मात्र जमेना. काळं कापड लावलं तर ठिगळच दिसत होतं. परत फोटो बघितला तेव्हा लक्षात आलं की तिथे काळा रंग नाहीचे, तिथे खोली आहे. मग कात्री घेऊन गोधडीचे वरचे थर एकेक कापत गेले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा आत, कडा दुमडून शिवल्या, आणि तळाला निळं धोतर राहिलं. आता लांबून ते खरंच खोल दिसतं आणि हात घातला की कडा बोटांना लागतात, मला फार आवडलंय ते!

२०२५ मधे एडिंबरामधे गोल्ड्सवर्दीचं मोठं प्रदर्शन झालं, तिथे जिन्यावर लोकरीचा लांबच्या लांब पट्टा अंथरला होता. मेंढपाळ आपापली मेंढी ओळखू यावी म्हणून रंगाच्या खुणा करतात त्या खुणांसकट, आणि ती लोकर काट्यांनी जोडलेली. मी फोटोच बघितले फक्त, पण तेव्हापासून थर धरून ठेवायला टाचण्यांऐवजी बाभळीचे काटे वापरून बघतीये. टेरिकॉटमधे ते जातच नाहीत नीट. जुन्या सुती लुगड्यात मात्र काटा धागे बाजूला सारून आत जातो, आणि काढल्यावर नखाने दोनदा घासलं की भोक मिटतं.